एक टकटक म्हणजे हो

फोनताईंचे खरे नाव विभागात कोणाला चटकन आठवत नसे, आणि त्याचे त्यांना फारसे वाईटही वाटत नसे. बावीस वर्षे त्यांनी इस्पितळाच्या तळमजल्यावर टेलिफोनच्या बोर्डासमोर काढली होती. पलीकडचा माणूस रडून आलाय की धावत, हे त्या पहिल्या ‘हॅलो’वरून सांगत. मग बोर्ड आपोआप चालायला लागला आणि बोर्डावरच्या तिघींचे काय करायचे हा प्रश्न वरच्या मजल्यावर गेला. एकीला कपडेधुलाईत पाठवले, एक घरी बसली, आणि तिसरीला, म्हणजे फोनताईंना, डोक्या-मानेच्या कर्करोग विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी मागून घेतले. त्यांना एका अभ्यासासाठी फक्त फोन करणारे माणूस हवे होते.

अभ्यास सांगायला सोपा होता आणि ऐकायला अवघड. स्वरयंत्राचा कर्करोग पुढे गेलेली माणसे. त्यातल्या निम्म्यांचे स्वरयंत्र शस्त्रक्रियेने काढून टाकायचे. गळ्याला श्वासासाठी कायमचे भोक राहणार आणि आवाज जाणार. उरलेल्या निम्म्यांना औषधे आणि किरणांचा शेक. आवाज शाबूत, पण आजार पुन्हा डोके वर काढील ही धास्ती. कोणी कुठल्या बाजूला जायचे ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकून ठरवी, कारण कुठली बाजू जास्त जगते हे खरोखरच कोणाला ठाऊक नव्हते. तेच शोधायचे होते. दोनशे बारा माणसे, प्रत्येकाची पाच वर्षे, आणि तपासणीला येणे कमी झाले की दर दोन महिन्यांनी एक फोन. फॉर्मवर चौदा प्रश्न होते. जेवण जाते का, वजन किती, दुखते का, मानेला गाठ लागते का. पण सगळ्यांचा मथितार्थ एकच होता: आहात ना?

फोनवर नाव घ्यायचे नाही, फायलीवर नुसता आकडा, असा नियम होता. आकड्याशी काय बोलणार? म्हणून फोनताईंनी आपल्या वहीत प्रत्येकाला त्याच्या धंद्यावरून ओळख दिली. गवंडी, कंडक्टर, चित्रकलेच्या बाई, लिफ्टवाले आजोबा, सुतारकाका. ‘दोनदा चिडतात’ असेही एकाच्या नावापुढे लिहिलेले होते.

घोळ झाला तो ऑपरेशन झालेल्यांच्या बाजूला. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना गळ्यात बारीक झडप बसवून थोडे बोलता येई. पण काहींना ते जमले नाही, काही लांब राहात आणि झडप बदलायला येणे व्हायचे नाही. त्यांच्याकडे साधे फोन होते, चेहरा न दाखवणारे. आणि फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात चौकट होती: ‘रुग्णाशी स्वतः संपर्क झाला’. नातेवाइकाच्या सांगण्यावर ती चौकट भरायची नाही, कारण नातेवाईक कोणालाही ‘बरे आहेत’ म्हणूनच सांगतात. मग ज्याला आवाजच नाही त्याचे काय? फॉर्म तयार करणाऱ्या सगळ्यांना आवाज होता, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

वाट काढली सुतारकाकांनी. त्यांच्या बायकोने, काकूंनी, फोनचा आवाज मोठा करून तो दोघांच्या मध्ये धरला होता आणि प्रश्नांची उत्तरे मात्र त्याच ठोकून देत होत्या. जेवण छान जातंय म्हणाल्या, तेव्हा फोनवर नखाचे दोन टोले पडले. फोनताईंचे कान त्यासाठीच तयार झालेले. त्यांनी विचारले, “काका, नाही म्हणताय का?” एक टकटक आली. त्या दिवसापासून ठरले: एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हळूहळू फोनताईंनी ही युक्ती बाकीच्या मुक्यांना शिकवली आणि एकूण एकोणीस जण टकटकीवर आले. ती चौकट त्या निःशंक मनाने भरत. माणसाने स्वतःच्या नखाने उत्तर दिले, याहून स्वतः संपर्क तो काय असणार! कोणाला विचारले नाही, कोणाला सांगितले नाही. चांगल्या गोष्टीला परवानगी कशाला, असा त्यांचा जन्माचा खाक्या होता.

आणि कौतुक काय थोडे झाले? असल्या अभ्यासात दहातली दोन माणसे पत्ता न लागता गळतात म्हणे. इथे चार वर्षांत एकही गळले नव्हते. मोठ्या डॉक्टरांनी भर बैठकीत सांगितले की अभ्यास आमचा नाही, बाईंचा आहे. फोनताईंनी ते वाक्य घरी नवऱ्याला तीनदा ऐकवले. नवरा मोटार शिकवायचा. चौथ्यांदा तो म्हणाला, पाठ झालं, आता परीक्षा घे.

आकडे जमायला लागले होते आणि ऑपरेशनची बाजू किंचित पुढे होती. मोठे डॉक्टर एका मोठ्या परिषदेत ते वाचून दाखवणार होते. त्याला अकरा दिवस उरले असताना, सकाळी साडेदहाला, एक तरुण बाई विभागात आली. हातात कफ ओढायचे मशीन, जुन्या चादरीत गुंडाळलेले. गळ्याला भोक असलेल्यांना इस्पितळ ते घरी वापरायला देई. बाई म्हणाली, हे परत घ्या, सासूबाई हलवू देत नव्हत्या, पण उगाच पडून आहे, दुसऱ्या कोणाला तरी होईल. फोनताईंनी मशीनवरचा आकडा वहीत शोधला. सुतारकाका. त्यांना बरे वाटले. कफ कमी झाला म्हणजे तब्येत सुधारली. तसे त्या हसून म्हणाल्यासुद्धा.

सून त्यांच्याकडे पाहात राहिली. मग म्हणाली, “मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली की.”

छातीत कफ भरला, गावातल्याच दवाखान्यात नेले, दोन दिवसांत गेले. इकडे आणायला वेळच मिळाला नाही. सासूबाईंनी इस्पितळाला कळवलंय, असं त्या म्हणाल्या होत्या. एवढे सांगून, पावतीवर सही घेऊन सून निघून गेली. फोनताईंनी सुतारकाकांची फाईल काढली. दोन वर्षांत बारा फोन. बाराही चौकटी भरलेल्या. शेवटचा फोन पाच आठवड्यांपूर्वीचा, आणि त्यात फोनताईंच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते: जेवण चांगले, वजन स्थिर, गाठ नाही.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी फोन लावला. काकूंनी उचलला. नेहमीसारखे म्हणाल्या, “थांबा हं, देते त्यांना.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि फोनताईंनी, त्यांचे त्यांनाच कळेना का, पहिला प्रश्न विचारला. जेवण जातंय का, काका? एक टकटक. दुखतं का कुठे? दोन. मानेला गाठ? दोन. त्या चौदाच्या चौदा प्रश्न विचारत गेल्या. टोले स्वच्छ होते, ना घाई, ना चूक. बावीस वर्षे ज्या कानांचा तोरा मिरवला ते कान बारा वेळा हेच ऐकत होते आणि नख कोणाचे ते ओळखू शकले नव्हते. चौदावा प्रश्न संपला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले.

“काकू,” त्या म्हणाल्या, “तुम्हीच ना?”

पलीकडे खुर्ची करकरली. मग एक टकटक आली.

पाठोपाठ काकूंचा आवाज आला, अगदी साधा. “ते गेले आणि तिसऱ्या आठवड्यात तुमचा फोन आला. तोवर जो यायचा तो मला विचारायचा, तुम्ही कशा आहात. तुम्ही विचारलंत, काका कसे आहेत. मला सांगवेना हो. म्हटलं, पाच मिनिटं बरे असू देत. मग दोन महिन्यांनी परत केलात.” मग त्यांनी विचारले, “तुमचं काही बिघडलं का माझ्यामुळे?”

फोनताई नाही म्हणाल्या. पुन्हा करते म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी घरी त्यांनी नवऱ्याला सगळे सांगितले. नवऱ्याने ऐकून घेतले, जे तो क्वचितच करी. मग म्हणाला की दोनशे बारांतला एक, तोही बिचारा मेलेला. त्याला कागदावर आणखी थोडे जगू दिले तर कोणाचे काय घोडे मारले जाते? उलट तू तोंड उघडलेस तर चार वर्षांचे तुझे नाव मातीत जाईल, त्या बाईची चौकशी होईल ते वेगळेच. शिकाऊ माणसाने गाडी कुठेशी हलकी घासली तर आपण लगेच पोलिसात जात नाही, असेही त्याने सुनावले. फोनताईंना ते पटले. इतके पटले की दोन दिवस त्यांनी मूग गिळून काढले आणि जेवणही नीट गेले.

तिसऱ्या दिवशी त्या आकडेवाल्या सरांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. हे सर विभागातले हिशेबतज्ज्ञ. कोणाकडे न पाहता बोलायची त्यांची सवय त्या दिवशी उपयोगी पडली. फोनताईंनी सहज विचारल्यासारखे विचारले, की समजा एखादी नोंद चुकली तर काय होते? सर म्हणाले, काही होत नाही, चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. फोनताईंनी श्वास सोडला. पाठ फिरवून त्या दोन पावले गेल्याही.

“फक्त एकाच बाजूच्या चुकल्या तर भानगड,” सर कागदाला म्हणाले. “आपला फरक काठावर पास झालाय.”

फोनताई जागच्या जागी थांबल्या. टकटक कोण करतो? ज्याला आवाज नाही तो. आवाज कोणाला नाही? ज्याचे स्वरयंत्र काढले त्याला. दुसऱ्या बाजूची सगळी माणसे तोंडाने बोलत होती. तिथे मेलेला माणूस मेलेलाच लिहिला जात होता. त्यांची युक्ती एकाच पारड्यात बसून होती. एकोणीस फायली, सगळ्या ऑपरेशनच्या बाजूच्या. एक काकू निघाल्या, तर आणखी किती? आणि परिषदेनंतर कुठल्या कुठल्या गावचे डॉक्टर त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला सांगणार होते, की अभ्यास झालाय, काढून टाकलेले बरे. तो माणूस बिचारा मान हलवणार. आपण कोणाकोणाचे गळे कापायला निघालो आहोत, असेच त्यांच्या मनात आले, आणि तो शब्द त्यांना झटकता येईना.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीपर्यंत त्यांचा पाय निघता निघेना. डॉक्टर परिषदेचे कागद लावत बसले होते. फोनताईंनी उभ्यानेच, काही न लपवता सांगितले. सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की डॉक्टरांना दोनदा “काय?” म्हणावे लागले.

“कोणी सांगितलं होतं टकटक घ्यायला?”

“कोणी नाही. माझं मीच.”

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर फोनताईंना सोसले असते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि खिडकीकडे पाहून म्हणाले, की तीस वर्षे मी स्वरयंत्रे काढतोय. बरोबर करतोय का, याचे उत्तर मला हवे होते. मग त्यांनी परिषदेला फोन करून आपले भाषण काढून घ्यायला सांगितले. फोनताईंना ते म्हणाले, गाडी देतो, गळ्याची नळी बदलणाऱ्या सिस्टरना बरोबर घ्या, आणि प्रत्येक माणूस डोळ्यांनी बघून या. सिस्टर चौकटी भरतील, तुम्ही भरायच्या नाहीत.

तीन आठवडे त्या दोघी फिरल्या. काही जण दारातच उभे होते, गळ्यावर रुमाल बांधून, धडधाकट. लिफ्टवाल्या आजोबांनी फोनताईंना प्रथमच पाहिले आणि पाटीवर लिहिले: ‘आवाजावरून तुम्ही बारीक वाटला होता’. एका घरी ‘दोनदा चिडतात’ स्वतः भेटले. इतकी वर्षे त्यांचा मुलगाच टकटक करीत होता, कारण वडिलांना फोनचा कंटाळा. तंबाखू सुटली असे मुलाने आपल्या वतीने कळवल्याचे समजल्यावर म्हातारा खरोखरच दोनदा चिडला, आणि सिस्टर तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. त्या दिवशी परतताना दोघी गाडीत खूप हसल्या.

पण चित्रकलेच्या बाईंच्या घरी त्यांचा थोरला भाऊ दार अर्धे उघडून हळू बोलला. बाई गेल्याला दहा महिने झाले होते. आतल्या खोलीत त्यांची आई अंथरुणावर होती आणि तिला कोणी सांगितले नव्हते. लेक इस्पितळात उपचार घेतेय आणि फोनवर टकटक करते, एवढ्यावर ती होती. फोन आला की भाऊ तिच्या उशाशी बसून घ्यायचा आणि तिला दिसणार नाहीत असे टोले मारायचा, म्हणजे तिला ते लेकीचेच वाटत. तिसऱ्या घरी मुलगी म्हणाली, बाबा झोपलेत म्हणून मी एकदा केलं, मग बाबाच गेले आणि सांगायचं राहून गेलं. गवंडीही गेलेला निघाला, आणि त्याच्या खोलीतला जोडीदार मान खाली घालून उभा राहिला. एकोणिसात चार, सुतारकाका धरून. एकालाही काही लाटायचे नव्हते. फोनताईंना कोणाला बोल लावता येईना, आणि त्यामुळे सगळा बोल त्यांच्याच वाट्याला राहिला.

आकडेवाल्या सरांनी पुन्हा हिशेब मांडला. काठावर पास झालेला फरक नापास झाला. दोन्ही बाजू सारख्याच जगत होत्या. पाच वर्षे पुरी झाल्यावरही तेच राहिले, आणि मोठ्या डॉक्टरांनी तेच छापले, टकटकीचा सगळा प्रकार त्यात कबूल करून. या टप्प्यावरच्या रोग्याला आधी आवाज वाचवायचा उपाय द्यायला हरकत नाही, आजार उलटला तर ऑपरेशन आहेच, असे त्यात लिहिले होते. विभागातही तसेच सुरू झाले. फोनताईंना फायलींच्या खोलीत बसवले होते. तिथे फोन नव्हता. मोठे डॉक्टर जिन्यात भेटले की मान हलवीत, पण बैठकीत त्यांचे नाव पुन्हा निघाले नाही.

अभ्यासातल्या प्रत्येक घराला निकालाचे पत्र जाणार होते. एक पत्र फोनताईंनी मागून घेतले आणि रजा टाकून सुतारकाकांच्या गावी गेल्या. घर दोन खोल्यांचे, पुढच्या खोलीत रंधा मारायचे लांब बाक अजून भिंतीला लागून होते आणि त्याच्यावर आता कपड्यांच्या घड्या होत्या. काकू फोनवर वाटायच्या त्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या. त्यांनी पाणी दिले, पत्र उलटे-सुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, चष्मा सुनेने कुठे ठेवलाय कोण जाणे, तुम्हीच सांगा काय निघालं ते.

फोनताईंनी वाटेत वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही कामाला आले नाही. दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या, असे त्यांनी सांगितले. कोणाचं काढलं त्यानं आयुष्य वाढलं नाही आणि कोणाचं ठेवलं त्यानं कमी झालं नाही.

काकू हातातल्या पत्राची घडी घालत होत्या. ती पुरी करून त्यांनी विचारले.

“म्हणजे यांचा आवाज काढला नसता तरी हे तेवढेच जगले असते?”

त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हतं, चिठ्ठीच तशी निघाली, एकट्या माणसाचं असं सांगता येत नाही: हे सगळे खरे होते आणि फोनताईंच्या अगदी ओठांवर होते. चौदा प्रश्न विचारून दुसऱ्याकडून हो की नाही तेवढेच मागण्यात त्यांची वर्षे गेली होती. आता त्यांच्यावर वेळ आली होती आणि समोरची बाई वाट पाहात होती.

“हो,” त्या म्हणाल्या. “बहुतेक, हो.”

काकूंनी मान डोलावली. रडल्या नाहीत. घडी घातलेले पत्र त्यांनी बाकावरच्या कपड्यांखाली सारले.

“ऑपरेशननंतर दोन वर्षं होते ते,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांत या घरात एक भांडण झालं नाही. मी सुरू करायचे आणि एकटीच बोलून दमायचे. ते नुसते बघायचे. दोन वर्षं भांडायला तरी मिळाले असते हो मला.”

फोनताई पाण्याचा रिकामा पेला हातात धरून बसून राहिल्या, आणि काकूंनी तो मागितला तरी त्यांना द्यायचे सुचले नाही.